समुद्रातील स्वल्पविराम

समुद्रकिनारी उभे राहून ओंजळभर पाणी उचलले, तर ते नितळ दिसते. त्यातून तळहातावरच्या रेषा स्पष्ट दिसतात. फार तर वाळूचा एखादा कण तळाशी बसलेला आढळतो. पण हा नितळपणा फसवा आहे. समुद्राच्या अवघ्या चमचाभर पाण्यात लक्षावधी सूक्ष्मजंतू वावरत असतात. त्यांपैकी बहुतेकांचे माणसाशी काही देणेघेणे नसते. मेलेल्या जीवांचे अवशेष कुजवावेत, त्यांतील द्रव्ये पुन्हा पाण्यात मिसळावीत, हाच त्यांचा अहोरात्र चाललेला उद्योग. या असंख्य जंतूंमध्ये एक कुळ मात्र असे आहे, की त्यातील काही जंतूंनी माणसालाही रडविले आणि जलचरांनाही. त्या कुळाचे नाव व्हिब्रिओ.

हे नाव कंप पावणे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिले असता हे जंतू थरथरत, वेगाने इकडून तिकडे धावताना दिसतात. बहुतेकांच्या एका टोकाला चाबकासारखा बारीक केस असतो आणि तो फिरवीत ते पाणी कापीत जातात. त्यांची लांबी मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाच्या आसपास असते. आकार किंचित वाकडा; वाक्यात आपण जे स्वल्पविरामाचे चिन्ह घालतो, अगदी तसा. चिन्हाचा हा आकार ज्यांच्या डोळ्यांत भरला, त्या शास्त्रज्ञाची हकिगत पुढे येईलच.

या कुळातील सर्वांत कुप्रसिद्ध जंतू म्हणजे पटकीचा, अर्थात कॉलऱ्याचा. पटकी हे नाव आजच्या मुलांनी क्वचितच ऐकले असेल. परंतु दोन-तीन पिढ्यांपूर्वी ते नुसते उच्चारले, तरी माणसांच्या पोटात गोळा उठत असे. यात्रेला गेलेला धडधाकट माणूस सकाळी आजारी पडावा आणि सूर्य मावळण्यापूर्वी त्याचे प्रेत उचलावे लागावे, असे प्रसंग तेव्हा विरळ नव्हते. महाराष्ट्रातील कितीतरी गावांच्या वेशीवर मरीआईचे देऊळ आढळते. साथीच्या काळात हतबल झालेल्या गावाला दुसरा आधार तरी कोणता होता? 1817 साली बंगालमधील जेसोरच्या परिसरात सुरू झालेली साथ देशाच्या सीमा ओलांडून बाहेर गेली आणि त्यानंतर त्या शतकात पटकीच्या लाटा एकीमागून एक जगभर उसळत राहिल्या.

हा रोग दूषित हवेतून होतो, अशी त्या काळच्या बहुतेक वैद्यांची समजूत होती. 1854 साली लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरांनी रोग्यांच्या घरांची चौकशी करून, रोगाचे मूळ एका सार्वजनिक पंपाच्या पाण्यात आहे, असे दाखवून दिले. त्याच वर्षी इटलीतील फ्लॉरेन्स नगरात फिलिप्पो पाचिनी यांनी पटकीने दगावलेल्या रोग्यांची आतडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. त्यांना त्यांत वाकड्या आकाराचे असंख्य जीव दिसले. हेच या रोगाचे कारण असावे, असे त्यांनी लिहून प्रसिद्ध केले. परंतु हवेला दोष देणाऱ्या पंडितांनी त्यांच्याकडे लक्षच दिले नाही. पाचिनी 1883 साली वारले. त्यांनी शोधलेल्या जंतूच्या शास्त्रीय नावाला त्यांचे नाव अधिकृतपणे जोडले जाण्यास 1965 साल उजाडावे लागले.

पाचिनी वारले त्याच वर्षी इजिप्तमध्ये पटकीची साथ आली आणि तिचे कारण शोधण्यासाठी जर्मनी व फ्रान्स या दोन देशांची पथके अलेक्झांड्रियाला पोहोचली. जर्मन पथकाचे प्रमुख होते रॉबर्ट कॉख, तर फ्रेंच पथक लुई पाश्चर यांनी पाठविलेले. या दोन देशांत तेव्हा हाडवैर होते आणि दोन्ही पथकांत चढाओढही होती. तोच फ्रेंच पथकातील लुई तुइलिए हा तरुण संशोधक, ज्या रोगाचा शोध घ्यायला आला त्याच रोगाने, त्या परक्या शहरात मरण पावला. कॉख आणि त्यांचे सहकारी त्याच्या अंत्ययात्रेला हजर राहिले. रोगाचा शोध घेणे म्हणजे मृत्यूशी खेळणे होते, हे या एका घटनेवरून कळून येते.

इजिप्तमधील साथ ओसरली. पण कॉख यांचा शोध अपुरा होता. ते तिथून निघाले ते थेट कलकत्त्याला आले. रोग्यांच्या आतड्यांत आणि तेथील एका तळ्याच्या पाण्यातही त्यांना तेच वाकडे जंतू सापडले. इतर सर्व जंतूंपासून वेगळे काढून ते त्यांनी शुद्ध स्वरूपात वाढवले आणि 1884 च्या आरंभी आपला अहवाल पाठवला. हा जंतू सरळ काडीसारखा नसून स्वल्पविरामासारखा थोडा वाकलेला आहे, असे वर्णन त्यांनी केले. तेव्हापासून पुष्कळ वर्षे त्याला स्वल्पविराम जंतू याच नावाने ओळखत.

जंतू सापडला, पण इतका क्षुद्र जीव हत्तीसारख्या माणसाला काही तासांत लोळवतो तो कसा? हा जंतू रक्तात शिरत नाही, आतड्याला भोकेही पाडत नाही. मग माणूस मरतो कशाने? या प्रश्नाचे उत्तर कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी दिले. जंतू वाढवलेला द्रव त्यांनी बारीक गाळणीतून गाळून पूर्णपणे जंतुरहित केला आणि तो सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात सोडला. जंतू एकही नसताना ते आतडे पाण्याने टम्म फुगले. याचा अर्थ स्पष्ट होता : जंतू एक विष तयार करतो आणि खरा घात ते विष करते. डे यांचा हा निबंध 1959 साली प्रसिद्ध झाला. प्रयोगाची साधने साधी होती. परंतु पटकीविषयीचे पुढचे सारे संशोधन या प्रयोगावर उभे आहे. त्यांच्या कार्याची कदर मात्र उशिरा झाली. 1978 साली नोबेल प्रतिष्ठानाने पटकीवरील परिषदेसाठी त्यांना सन्मानाने बोलावले, तेव्हा कित्येकांना हा माणूस कोण, हे प्रथमच कळले.

हे विष आतड्याच्या पेशींना जणू नळ बंद करणेच विसरायला लावते. शरीरातील पाणी आणि क्षार आतड्यात धो-धो वाहू लागतात. कधीकधी तासाला एक लिटरपर्यंत. माणूस अक्षरशः सुकून मरतो. म्हणूनच गेलेले पाणी वेळीच भरून काढणे, हा या रोगावरचा मुख्य उपचार. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधील बनगाव येथे, शिरेतून द्यावयाचे औषधी पाणी संपत आले, तेव्हा दिलीप महालनबीस या डॉक्टरांनी साखर व क्षार मिसळलेले पाणी रोग्यांना तोंडाने पाजण्याचा धाडसी निर्णय घेतला. ज्या छावणीत शंभरांतील सुमारे तीस रोगी दगावत होते, तिथे हे पाणी प्यालेल्यांपैकी शंभरांतील चारही दगावले नाहीत.

मात्र पटकीच्या जंतूविषयी एक कोडे तसेच राहिले होते. साथ येते, धुमाकूळ घालते आणि ओसरते. त्यानंतर महिनेच्या महिने, कधी वर्षानुवर्षे, एकही रोगी आढळत नाही. आणि मग एके दिवशी ती पुन्हा उद्भवते. मधल्या काळात हा जंतू असतो कुठे? तो माणसांच्याच पोटात दडून राहत असावा, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानीत. अमेरिकेतील रीटा कॉलवेल यांना हे पटेना. त्या मुळात समुद्रातील जंतूंच्या अभ्यासक. पटकीच्या जंतूचे सगळे भाऊबंद खाऱ्या पाण्यात राहतात, मग हा एकटाच माणसाच्या पोटात कसा राहील, असा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक या विस्तीर्ण खाडीतले पाणी तपासले. तिथे पटकीची साथ मुळीच नव्हती; तरीही तो जंतू त्यांना सापडला. 1977 साली त्यांनी हे जाहीर केले, तेव्हा अनेकांनी मान हलवली नाही. पण पुरावे वाढत गेले आणि पटकीचा जंतू हा मूळचा खाड्यांचा व किनाऱ्यालगतच्या पाण्याचा रहिवासी आहे, ही गोष्ट सर्वमान्य झाली.

खाडीत त्याचा बिऱ्हाडमालक कोण, हेही पुढे उघड झाले. समुद्रात कोपेपॉड नावाचे बारीक प्राणी असतात. कोळंबी आणि खेकडा यांच्याच गोतातले. परंतु आकाराने मोहरीच्या दाण्याहूनही लहान. त्यांच्या अंगावर कायटिन नावाच्या द्रव्याचे कवच असते. पटकीचे जंतू या कवचाला चिकटून राहतात आणि त्यावरच उदरनिर्वाह करतात. एकेका कोपेपॉडच्या अंगावर हजारो जंतू बसलेले असू शकतात. पाणी उबदार झाले, की सूक्ष्म वनस्पती वाढतात. त्यांवर पोसून कोपेपॉड वाढतात. आणि कोपेपॉडबरोबर त्यांचे हे बिनभाड्याचे भाडेकरूही वाढतात. थंडी पडली किंवा अन्न तुटले, की हे जंतू आकसून एका प्रकारच्या निद्रेत जातात. त्या अवस्थेत ते प्रयोगशाळेतील नेहमीच्या पद्धतीने वाढविता येत नाहीत. म्हणून पूर्वी शोधूनही ते सापडत नसत. बंगालच्या उपसागराचे तापमान आणि पाण्याची पातळी उपग्रहांवरून मोजून, तिचा बांगलादेशातील पटकीच्या चढउताराशी संबंध असल्याचे 2000 साली दाखविण्यात आले. आकाशातून समुद्र पाहावा आणि खाली गावातल्या रोगाचा अंदाज बांधावा, ही गोष्ट कॉख यांच्या काळात स्वप्नातही कोणाला सुचली नसती.

या ज्ञानाचा एक उपयोग तर इतका साधा निघाला, की तो वाचून नवल वाटते. बांगलादेशातील खेड्यांत अनेक घरी तळ्याचे वा नदीचे पाणी प्यायला लागते आणि ते उकळण्यापुरते सरपण प्रत्येकाजवळ नसते. आता जंतू कापडाने गाळला जाणे शक्य नाही. जुन्या सुती साडीची चारदा घडी घातली, तरी तिच्या विणीतील छिद्रे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी राहतात. जंतू त्यांतून सहज निसटेल. परंतु जंतू सुटा नसतो. तो कोपेपॉडच्या पाठीवर बसलेला असतो आणि कोपेपॉड काही त्या छिद्रातून जात नाही. कॉलवेल आणि बांगलादेशातील त्यांच्या सहकाऱ्यांनी मतलब या भागातील 65 खेड्यांत, सुमारे 1,33,000 लोकांमध्ये हा प्रयोग करून पाहिला. 2003 साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ज्या गावांत घडी घातलेल्या साडीतून पाणी गाळले जात होते, तिथे पटकीचे प्रमाण 48 टक्क्यांनी घटले होते. त्यातही नव्या कोऱ्या साडीपेक्षा जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली साडी अधिक चांगली. कारण वापराने तिचे धागे पिंजारतात आणि छिद्रे लहान होतात. आपल्याकडेही पाणी वस्त्रगाळ करण्याची रीत जुनीच आहे. विहिरींच्या पाण्यातून होणारा नारू हा रोगसुद्धा गोड्या पाण्यातील अशाच एका कोपेपॉडमार्फत माणसाच्या पोटात जात असे. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे आणि पाणी गाळून पिणे, या दोन उपायांचा त्याला हटविण्यात मोठा वाटा होता. 2000 साली भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

पटकीचे मात्र तसे होणार नाही. देवीचा रोग 1980 साली जगातून नाहीसा झाल्याचे घोषित झाले, कारण त्याच्या विषाणूला माणसाखेरीज दुसरे घरच नव्हते. पटकीच्या जंतूचे घर सबंध किनारपट्टीभर पसरले आहे. तेथून त्याला हुसकावून लावणे कोणाच्या हाती नाही. साथ भडकते ती मात्र माणसांमुळेच : रोग्याचा मळ पिण्याच्या पाण्यात मिसळतो, तेच पाणी शेजारी पितो आणि दहाचे शंभर व्हायला वेळ लागत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. समुद्रातले या जातीचे बहुसंख्य जंतू ते घातक विष बनवीतच नाहीत. विष बनविण्याची विद्या त्यांना एका विषाणूकडून मिळते. हा विषाणू जंतूत शिरतो आणि आपल्याजवळची जनुके त्याला देऊन टाकतो, असे 1996 साली सिद्ध झाले. म्हणजे ज्या विषाने लाखो माणसे मारली, ते या जंतूचे स्वतःचे नव्हेच. ते उसने घेतलेले आहे.

या कुळातील दुसऱ्या एका भावाची ओळख जपानमध्ये झाली. 1950 सालच्या ऑक्टोबर महिन्यात ओसाका शहरात शेकडो लोकांना एकाएकी पोटात कळा, जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. एकंदर 272 लोक आजारी पडले आणि त्यांतील 20 दगावले. सर्वांनी शिरासू नावाचा पदार्थ खाल्ला होता. सार्डिनसारख्या माशांची इवलीशी पिल्ले उकळून अर्धवट वाळविली, की शिरासू होते. ओसाका विद्यापीठाचे त्सुनेसाबुरो फुजिनो यांनी त्यातून एक नवा जंतू वेगळा केला. तो आज व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस या लांबलचक नावाने ओळखला जातो. मिठाने पदार्थ टिकतो, असा आपला अनुभव. पण या जंतूला मिठावाचून जगताच येत नाही. अतिशय जास्त मिठात त्याचीही वाढ खुंटते, हे खरे. परंतु समुद्राच्या पाण्याइतका खारटपणा त्याला चांगला मानवतो.

त्याचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे वाढीचा वेग. ऊब आणि अन्न मनासारखे मिळाले, तर दहा मिनिटांच्या आसपास एकाचे दोन जंतू होतात. साधा हिशेब करून पाहावा. दर दहा मिनिटांनी दुप्पट, म्हणजे एका जंतूचे तासाभरात 64 होतील, दोन तासांत 4,096, आणि तीन तासांत 2,62,144! सकाळी बाजारातून आणलेली मासळी दुपारपर्यंत उन्हाच्या झळीत उघडी पडून राहिली, तर तिच्यात काय घडत असेल, याची कल्पना यावरून येईल. कोकणातील कोळी स्त्रिया मासळीवर बर्फ घालण्यासाठी जी धावपळ करतात, ती केवळ वास येऊ नये म्हणून नव्हे. थंडीत हा जंतू वाढत नाही आणि चांगल्या उकळीत तर तो टिकतच नाही. कालवे आणि तिसऱ्या आपले अन्न मिळविण्यासाठी दिवसाकाठी कित्येक लिटर पाणी अंगातून गाळून घेतात. त्या पाण्यातले जंतू त्यांच्या शरीरात साठतात. ज्या देशांत कालवे कच्ची खातात, तिथे म्हणूनच हा रोग अधिक. आपल्याकडे कालवांचे कालवण होते, ही त्या बाबतीत सुदैवाची गोष्ट. तथापि कच्ची कोळंबी सोललेल्या हातांनी आणि त्याच विळीवर कोशिंबिरीची काकडी चिरली, तर रश्श्याला आलेली उकळी काय उपयोगाची? कलकत्त्यातील रोग्यांमध्ये 1996 साली आढळलेली याच जंतूची एक पोटजात पुढे अनेक देशांत पसरली.

तिसरा भाऊ संख्येने कमी, पण स्वभावाने भयंकर. व्हिब्रिओ व्हल्निफिकस या त्याच्या नावाचा अर्थच जखम करणारा असा आहे. उबदार, निमखाऱ्या पाण्यात हातापायावरची एखादी जखम भिजली, तर तो तीतून शरीरात शिरतो. धडधाकट माणसाला तो सहसा त्रास देत नाही. परंतु ज्यांचे यकृत बिघडलेले असते, त्यांच्या जिवावर बेतते आणि कधीकधी दोन दिवसांतच सारे संपते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर 1988 मध्ये या जंतूने जखमा चिघळल्याच्या वर्षाला दहाच्या आसपास घटना घडत; 2018 पर्यंत त्या ऐंशीवर गेल्या. शिवाय तिथे त्याची उत्तरेकडील हद्द वर्षाला सुमारे 48 किलोमीटर सरकत होती. समुद्र तापू लागला, तशी पूर्वी ज्या किनाऱ्यांवर त्याला थंडी बाधत असे, तिथे आता त्याला राहवू लागले आहे.

येथवरचे वर्णन वाचून हे सारे कुळच दुष्ट आहे असे वाटेल, तर तो त्याच्यावर अन्याय होईल. कोळंबी, खेकडे, कोपेपॉड वाढताना अंगावरची जुनी कवचे टाकून देतात. कायटिनचा हा अखंड वर्षाव समुद्रात सुरू असतो. तो पचविणारे व्हिब्रिओ व त्यांच्यासारखे इतर जंतू नसते, तर त्यात अडकलेली अन्नद्रव्ये तशीच तळाशी साचत गेली असती. हवाई बेटांच्या उथळ समुद्रात तर एका व्हिब्रिओने जलचराशी मैत्रीच केली आहे. तिथे बोटभर लांबीचा एक माकूळ राहतो. त्याच्या पोटाशी एक छोटी पिशवी असते. अंड्यातून बाहेर येताना ती रिकामी असते. काही तासांतच समुद्रातील प्रकाश देणारे जंतू तीत येऊन वस्ती करतात. रात्री चांदण्यात पोहताना माकुळाची सावली खाली पडते व ती पाहून शत्रू त्याला हेरू शकतो; पण पिशवीतील जंतूंचा मंद प्रकाश ती सावली पुसून टाकतो. जंतूंना अन्न, माकुळाला संरक्षण. पहाट झाली, की माकूळ यांतील बहुतेक जंतू समुद्रात सोडून देतो आणि उरलेले दिवसभरात पुन्हा वाढून रात्रीच्या पाळीला तयार होतात.

असाच चमकणारा दुसरा एक व्हिब्रिओ मात्र कोळंबीचा वैरी आहे. कोळंबीची पिल्ले तयार करणाऱ्या केंद्रांत त्याचा शिरकाव झाला, की अंधारात हौदातील पिल्ले मंद निळसर चमकू लागतात. पाहणाऱ्याला ते दृश्य सुंदर वाटावे. परंतु ज्याने कर्ज काढून हौद बांधले आहेत, त्याच्या काळजात धस्स होते, कारण चमकणारी पिल्ले लवकरच मरणार हे त्याला ठाऊक असते. 2009 नंतर चीन, व्हिएतनाम, मलेशिया, थायलंड आणि पुढे मेक्सिको येथील कोळंबी-तलावांवर आणखी एक संकट कोसळले. तलावात पिल्ले सोडल्यावर महिन्याच्या आतच ती भराभर मरू लागली. आत पाहावे तो त्यांची पचनग्रंथी फिकी पडून आकसलेली. 2013 साली अमेरिकेतील अॅरिझोना विद्यापीठाच्या संशोधकांनी यातला गुन्हेगार शोधून काढला, तो ओसाकातलाच जंतू निघाला! फरक एवढाच, की या पोटजातीने जनुकांची एक छोटी सुटी कडी कुठून तरी मिळविली होती आणि तीत कोळंबीला मारणाऱ्या विषाची कृती होती. इथेही विष उसनेच. एका तलावात हजारो कोळंब्या दाटीवाटीने वाढविल्या आणि तळाशी खाद्याचा चिखल साचू दिला, की असे उसने व्यवहार जंतूंना सोपे जातात.

समुद्रातील प्राण्यांवर या कुळाने आणलेल्या संकटांत सर्वांत मोठे संकट मात्र कुठल्याही तलावात आले नाही. ते उघड्या महासागरात आले. 2013 पासून उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेक्सिकोपासून अलास्कापर्यंत, तारामासे मरू लागले. त्यांच्या अंगावर व्रण उठत, बाहू पिळवटत, गळून पडत आणि अखेर सारे शरीर चिखलासारखे विरघळून जाई. वीसांहून अधिक जातींना हा रोग झाला. चोवीसपर्यंत बाहू असलेला आणि जवळजवळ मीटरभर रुंद वाढणारा सूर्यफूल तारामासा तर पाच अब्जांहून अधिक संख्येने मेला. शंभरांतील नव्वदांहून अधिक नाहीसे झाले. हा तारामासा सागरी अर्चिन नावाचे काटेरी प्राणी खातो. तो गेल्यावर अर्चिनांचे फावले. त्यांनी किनाऱ्यालगतची केल्प या उंच समुद्रशेवाळाची अरण्येच्या अरण्ये फस्त केली आणि त्या अरण्यांत आश्रय घेणारे मासे निराधार झाले.

रोगाचे कारण सापडायला बारा वर्षे लागली. 2014 साली एका विषाणूवर आळ आला. पण तो टिकला नाही. अखेर कॅनडा व अमेरिकेतील संशोधकांनी चार वर्षे चिकाटीने प्रयोग केले. आजारी तारामाशाच्या देहपोकळीतील द्रव काढून निरोगी तारामाशाला टोचला, तर तो आजारी पडे. तोच द्रव आधी तापविला किंवा बारीक गाळणीतून गाळला, तर काही होत नसे. म्हणजे त्यात काहीतरी सजीव होते आणि गाळणीत अडकण्याइतके मोठे होते. शोध घेता घेता व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा हा जंतू हाती आला. तो शुद्ध स्वरूपात वाढवून टोचला आणि त्या निरोगी तारामाशाचे बाहू पिळवटू लागले. रोग्यातून जंतू काढावा, तो वेगळा वाढवावा, निरोग्याला देऊन तोच रोग उत्पन्न होतो का ते पाहावे, ही कसोटी कॉख यांच्या प्रयोगशाळेतली. ऑगस्ट 2025 मध्ये तिच्याच आधारे हा निष्कर्ष जाहीर करण्यात आला.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात डोंगरांच्या कुशीत खोल शिरलेल्या काही सागरी खाड्या आहेत. तेथील पाणी बाहेरच्या समुद्रापेक्षा थंड असते. त्या खाड्यांच्या तळाशी सूर्यफूल तारामासे अजून तग धरून आहेत. दक्षिणेला, अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या फ्रायडे हार्बर येथील सागरी प्रयोगशाळेत त्यांची पिल्ले हौदांत वाढविली जात आहेत. कोणत्या पिल्लांना या जंतूशी झुंज देता येईल, हे आता संशोधकांना जंतू हाती असल्यामुळे तपासून पाहता येणार आहे.